सोन्यावर ठिपक्यांची रांगोळी: पॉलिमरचं आवरण चढवलेल्या नॅनोकणांची नक्षी कशी काढायची

उदबत्तीने वर्तमानपत्राला भोकं पाडून केलेला ठिपक्यांचा कागद ज्यांच्या घरी होता, त्यांना दोन ठिपक्यांमधलं अंतर कोण ठरवतं ते सांगायला नको. कागद ठरवतो. रांगोळी काढणारीने फक्त चिमूट सोडायची. आता हेच ठिपके सोन्याच्या पातळ थरावर, एकमेकांपासून २३ नॅनोमीटरवर हवे असतील तर? असा कागद बनत नाही. इलेक्ट्रॉनच्या झोताने एकेक ठिपका कोरणारी यंत्रं आहेत, पण एका चौरस सेंटिमीटरमध्ये असे जवळजवळ २२ हजार कोटी ठिपके बसतात. एका ठिपक्याला एक मायक्रोसेकंद धरला तरी यंत्र अडीच दिवस अडकलं. शिवाय यंत्राच्या तारखा मिळायला हव्यात, ती वेगळीच कथा.

दुसरा मार्ग असा की ठिपक्यानेच आपलं अंतर बरोबर घेऊन यावं. सोन्याच्या कणाभोवती पॉलिमरचं, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचं, आवरण चढवायचं. कण शेजारी शेजारी दाटले की आवरणाला आवरण लागतं आणि गाभे आपोआप ठरावीक अंतरावर राहतात. कॅरमचा डाव मांडताना राणीभोवती सहा आणि त्यांच्याभोवती बारा सोंगट्या अशाच बसतात. बसवणाऱ्याला मोजमाप करावं लागत नाही, सोंगटीची जाडीच मोजमाप असते. म्हणून या कामात अंतर ठरतं ते बाटलीत. पुढची सगळी यंत्रं ते फक्त बिघडवू शकतात.

मी इथे एकच रस्ता शेवटपर्यंत दाखवणार आहे: १३ नॅनोमीटरचे सोन्याचे कण, त्यांच्यावर थायॉल टोकाचं (टोकाला सोन्याला धरणारा गंधकाचा गट असलेलं) पॉलिस्टायरीन, आणि खाली ५० नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर. एमएस्सीचा प्रकल्प करणाऱ्याला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्याला झेपेल असा हा बेत आहे. फ्यूम हूड, चांगला सेंट्रिफ्यूज, यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटर (द्रव कुठल्या रंगाचा प्रकाश किती शोषतं ते मोजणारा), ऑक्सिजन प्लाझ्मा (विजेने चेतवलेला वायू, पॉलिमर जाळून काढणारा) आणि कुठेतरी एएफएम (सुईच्या टोकाने पृष्ठभाग चाचपणारा सूक्ष्मदर्शक) किंवा एसईएम (इलेक्ट्रॉनच्या झोताने पाहणारा सूक्ष्मदर्शक) मिळण्याची सोय, एवढं लागेल.

आधी कागदावर

पॉलिमर मागवण्यापूर्वी अर्धा तास गणितात घाला. १३ नॅनोमीटर व्यासाच्या गोळ्याचं आकारमान सुमारे ११५० घन नॅनोमीटर आणि पृष्ठभाग सुमारे ५३० चौरस नॅनोमीटर. पॉलिस्टायरीनच्या साखळ्या सोन्यावर दर चौरस नॅनोमीटरला साधारण अर्धी या घनतेने बसल्या असं धरलं, तर एका कणावर २६५ साखळ्या. साखळीचं मोलर वस्तुमान १२,००० असेल, तर १.०५ घनतेने एका साखळीचं आकारमान १९ घन नॅनोमीटर येतं. सगळं मिळून पॉलिमर सुमारे ५००० घन नॅनोमीटर. त्यात गाभा मिळवा आणि पुन्हा गोळ्याचा व्यास काढा: सुमारे २३ नॅनोमीटर. कण दाटून बसले की दोन केंद्रांमधलं अंतर याच्या आसपास राहील.

हेच गणित ५,००० च्या पॉलिमरला १८ आणि २०,००० च्या पॉलिमरला २६ नॅनोमीटर देतं. त्यापुढे मात्र आकड्यांवर फार विश्वास ठेवू नका. लांब साखळी गुंडाळी होऊन जास्त जागा अडवते, शेजारणीला येऊ देत नाही, त्यामुळे घनता घटते आणि अंतर गणितापेक्षा कमी भरतं. एक बॅच करून मोजायचं, घनतेचा खरा आकडा काढायचा, आणि पुढचं पॉलिमर त्या आकड्यावरून निवडायचं.

अंतराचा एवढा हट्ट कशाला, असं कोणी विचारलं तर २००४ सालचं एक उदाहरण सांगतो. जर्मनीत योआखिम श्पाट्झ यांच्या गटाने पॉलिमरच्या मायसेल (द्रवात साखळ्या आपोआप जमून होणारे बारीक गोळे) वापरून काचेवर सोन्याचे ठिपके मांडले आणि त्यांवर पेशी चिकटतात का ते पाहिलं. ५८ नॅनोमीटर अंतरापर्यंत पेशी नीट चिकटल्या, ७३ ला पकड ढिली पडली. पंधरा नॅनोमीटरचा फरक पेशीला कळतो.

काच, आणि अम्लराजाशी वागणं

सोन्याचे कण बनवायच्या काचेला मागच्या प्रयोगाचा कणही चालत नाही. चंबू आणि मॅग्नेटिक नीडल दोन्ही अम्लराजाने धुवायची. तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल, एक भाग नायट्रिक, फ्यूम हूडमध्ये, चेहऱ्यावर शील्ड लावून, लागेल तेवढंच बनवायचं. ते बाटलीत भरून झाकण लावून ठेवू नका. वायू सुटत राहतात आणि बाटली फुटते. ॲसिटोनने विसळलेल्या ओल्या भांड्यात तर ते मुळीच ओतू नका, सेंद्रिय द्रावकाशी त्याची गाठ स्फोटक असते. नंतर शुद्ध पाण्याने आठ-दहा वेळा विसळायचं.

सोन्याचं मीठ, म्हणजे क्लोरोऑरिक आम्ल, स्टीलच्या चमच्याने काढू नका. लोखंड त्यातलं सोनं ओढून घेतं, चमचा काळवंडतो आणि मिठात लोखंड मिसळतं. प्लास्टिकचा किंवा काचेचा चमचा घ्या आणि चटकन वजन करा, कारण हे मीठ हवेतली ओल पिऊन चिकट होतं. पावसाळ्यात पुण्यातसुद्धा दोन मिनिटांत होतं, रत्नागिरीत तर विचारू नका. माझा उपाय असा: बाटली आली की सगळं एकदम विरघळवून तीव्र द्रावण करायचं आणि अंधारात फ्रीजमध्ये ठेवायचं. मग रोज वजनाची कटकट नाही.

कण

मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये सोन्याची लाल द्रावणं केली होती. आपण वापरतो ती सायट्रेटची रीत १९५१ ची, टर्केविच आणि सहकाऱ्यांची. १ मिलिमोलर क्लोरोऑरिक आम्लाचं ५० मिलिलिटर द्रावण (म्हणजे सुमारे २० मिलिग्रॅम मीठ) उभ्या कंडेन्सरखाली जोरात उकळू द्या. नीडल वेगाने फिरत असली पाहिजे. ३८.८ मिलिमोलर ट्रायसोडियम सायट्रेटचं ५ मिलिलिटर द्रावण (त्यात सुमारे ५७ मिलिग्रॅम सायट्रेट) एका दमात ओता. थेंब थेंब नको. थेंबाथेंबाने घातलं की काही कण आधी जन्मतात, काही नंतर, आणि मोठे-धाकटे एकत्र झाले की रांगोळी मोडते.

फिकट पिवळा रंग जातो, द्रव क्षणभर बिनरंगी दिसतं, मग काळपट-जांभळं आणि शेवटी गडद लाल होतं. आणखी १५ मिनिटं उकळा, ढवळत ढवळत थंड होऊ द्या. स्पेक्ट्रोमीटरवर ५१८ ते ५२० नॅनोमीटरच्या आसपास एक सुबक टेकडी दिसायला हवी. शोषण थेट मोजू नका, ते ३.५ च्या पुढे जाईल. दहापट पातळ करून मोजा. या आकाराच्या कणांचा मोलर विलोपन गुणांक (ठरावीक तीव्रतेचं द्रावण किती प्रकाश अडवतं तो आकडा) सुमारे २.७ × १०⁸ धरला की मूळ द्रावण साधारण १३ नॅनोमोलर भरतं. हा आकडा वहीत लिहा, पुढे दोनदा लागणार आहे.

टेकडीला ६०० च्या पुढे शेपूट असेल तर कण एकमेकांना चिकटले आहेत. अशी बॅच फेकायला जीव होत नाही, मला कळतं. तरी बाजूला ठेवा.

आवरण चढवणं

१० मिलिलिटर कणद्रावण घ्या. त्यात ०.१३ नॅनोमोल कण आहेत. दर चौरस नॅनोमीटरला पाच साखळ्या, म्हणजे गरजेच्या दहापट, द्यायच्या असतील तर १२,००० चं पॉलिमर सुमारे ४ मिलिग्रॅम लागतं. ते १० मिलिलिटर टीएचएफमध्ये (टेट्राहायड्रोफ्युरान, एक सेंद्रिय द्रावक) विरघळवा. टीएचएफ ताजं किंवा स्थिरक घातलेलं हवं. जुन्या बाटलीत पेरॉक्साइड साठतात. ती धोक्याची असतातच, शिवाय थायॉलची टोकं खाऊन टाकतात आणि मग पॉलिमर सोन्याला धरतच नाही. पेरॉक्साइड दाखवणाऱ्या चाचणीपट्टीने तपासा.

कणद्रावण सेंट्रिफ्यूज करून (सुमारे १३,००० जी, म्हणजे गुरुत्वाच्या १३,००० पट, अर्धा तास) अर्ध्या मिलिलिटरवर आणा. हा दाट लाल थेंब टीएचएफमध्ये जोरात ढवळत, थोडा थोडा सोडा. इथे मात्र थेंब थेंबच. पाणी आणि टीएचएफ एकमेकांत मिसळतात, म्हणून पाण्यात सुखी असलेला कण आणि पाण्याला घाबरणारं पॉलिमर काही वेळ एका छताखाली येतात. त्या वेळात थायॉल सोन्याला धरतं आणि सायट्रेट बाजूला होतं. रात्रभर ठेवा. सकाळी रंग लालच असेल तर उत्तम. भांड्याच्या भिंतीला काळसर-लाल पापुद्रा चिकटलेला दिसला तर घाबरू नका, टोल्युइनमध्ये हलवल्यावर तो विरघळून लाल होतो का पाहा. झाला तर ते आवरण चढलेले कणच आहेत. निळं-जांभळं होऊन तळाशी बसलं तर मात्र आवरण चढण्याआधीच कण एकमेकांना भिडले.

सोपी परीक्षा: थोडा नमुना टोल्युइन आणि पाण्यासोबत कुपीत हलवा. लाली वर टोल्युइनमध्ये गेली आणि खालचं पाणी बिनरंगी राहिलं की काम झालं.

मोकळं पॉलिमर काढणं

या भागाला घाई केली तर पुढचं काहीही वाचवता येत नाही. आपण गरजेच्या दहापट पॉलिमर घातलं आहे. त्यातलं नव्वद टक्के कुठेच चिकटलेलं नाही, ते द्रवात मोकळं फिरतंय. थर बसताना हे मोकळं पॉलिमर कणांच्या मधे शिरतं. कुठे कण दूर ढकलतं, कुठे स्वतःच साचून बेट करतं. माझे पहिले तीन महिने यात गेले. एसईएममध्ये कधी सुंदर षटकोनी मांडणी दिसायची, तिच्या शेजारीच राखाडी डबकं. मी दोष देत होतो सोन्याच्या थराला, मग हवेला, मग यंत्र चालवणाऱ्याला. दोष माझ्या धुण्यात होता.

मी करत होतो ती चूक अगदी सरळ वाटणारी आहे: मेथॅनॉल घालून कण खाली बसवायचे आणि वरचं ओतून द्यायचं. पण मेथॅनॉलमध्ये पॉलिस्टायरीनही विरघळत नाही. मोकळं पॉलिमर कणांबरोबरच खाली बसतं आणि आपण दर वेळी तेच परत गोळा करतो. धुणं व्हायला हवं ते पॉलिमरला आवडणाऱ्या द्रावकात. टोल्युइन किंवा टीएचएफमध्येच १५,००० ते २०,००० जी वर पाऊण-एक तास फिरवा. सोनं जड, म्हणून कण खाली येतात. मोकळी साखळी हलकी, ती वर राहते. वरचं द्रव काढा, ताजं टोल्युइन घाला, पुन्हा. पाच-सहा वेळा.

किती वेळा, हे आकड्याने ठरवू नका. दर वेळी वरच्या नितळ द्रवाचे दोन-तीन थेंब मेथॅनॉलमध्ये टाका. दुधाळ झालं की अजून पॉलिमर आहे. नितळ राहिलं की त्याच द्रवाचा एक थेंब स्वच्छ काचेवर वाळवून उजेडात तिरका धरा. डाग दिसला नाही की थांबा.

नळ्यांबद्दल: पॉलिस्टायरीनच्या किंवा पॉलिकार्बोनेटच्या नळ्या टोल्युइनमध्ये घेऊ नका. पहिली विरघळून तुमच्या नमुन्यात आणखी पॉलिस्टायरीन घालते, दुसरी तडकते. पॉलिप्रोपिलीन तासभर टिकतं, पण त्यात रात्रभर नमुना ठेवू नका, काचेत ठेवा. झाकणं घट्ट हवीत. सेंट्रिफ्यूजच्या पोटात टोल्युइनची वाफ नको.

घनता खरंच अर्धी साखळी आहे का, हे टीजीएवर (नमुना तापवत त्याच्या वजनातली घट मोजणारं यंत्र) कळतं. वरच्या गणिताने वाळलेल्या नमुन्याच्या वजनातलं सुमारे १९ टक्के पॉलिमर असायला हवं. फक्त त्याला काही मिलिग्रॅम माल लागतो आणि १० मिलिलिटरच्या बॅचमध्ये सोनं जेमतेम पावणेदोन मिलिग्रॅम असतं. त्या दिवशी मोठी बॅच करा.

खालचं सोनं

एसईएमच्या नमुन्यावर सोनं मारायचा छोटा स्पटर कोटर इथे चालत नाही. त्याचा थर इतका दाणेदार येतो की तुमचा १३ नॅनोमीटरचा कण कुठला आणि थराचा दाणा कुठला हे ओळखू येत नाही. निर्वात कक्षात बाष्पीभवनाने चढवलेला थर घ्या. सिलिकॉनवर आधी २ ते ५ नॅनोमीटर क्रोमियम किंवा टायटॅनियम, मग ५० नॅनोमीटर सोनं. खालचा धातू नसेल तर सोनं चिकटपट्टीबरोबर निघून येतं.

त्याहून गुळगुळीत हवं असेल तर उलटा डाव खेळा. सिलिकॉनवर किंवा ताज्या फोडलेल्या अभ्रकावर, मधे काहीही न लावता, सोनं चढवा. त्यावर इपॉक्सीने काचेचा तुकडा चिकटवा आणि वापरायच्या क्षणी सोलून काढा. सोन्याची जी बाजू अभ्रकाला टेकलेली होती ती वर येते आणि तिचा खडबडीतपणा अर्ध्या नॅनोमीटरच्या खाली असू शकतो. आणखी फायदा हा की ती बाजू सोलेपर्यंत हवेला दिसलेलीच नसते. उघडं सोनं हवेतले तेलकट रेणू भराभर ओढून घेतं. सकाळी स्वच्छ केलेला तुकडा दुपारी स्वच्छ नसतो.

बाष्पीभवनाचा थर असेल तर यूव्ही-ओझोनमध्ये १० ते १५ मिनिटं ठेवा आणि मग इथॅनॉलमध्ये बुडवा. हे इथॅनॉल विसरायचं नाही. ओझोनने सोन्यावर ऑक्साइडची कातडी येते, इथॅनॉल ती परत सोन्यात बदलतं.

तांबं, चांदी, ॲल्युमिनियमवरही हा थर बसतो, पण आधी सोन्यावर हात बसवा. ॲल्युमिनियमला स्वतःचा ऑक्साइड असतोच, चांदी-तांबं ओझोनमध्ये घातलं की काळं पडतं.

आणि प्रत्येक वेळी सोन्याच्या तुकड्याशेजारी एक साधा सिलिकॉनचा तुकडा ठेवा. सोन्यावरचं सोनं एसईएममध्ये नीट उठून दिसत नाही. सिलिकॉनवर तेच कण चांदण्यासारखे दिसतात. तो तुकडा तुमचा साक्षीदार.

साय धरणं

आता थर. दोन रस्ते आहेत. तुकड्यावर थेंब टाकून फिरवणं, म्हणजे स्पिन कोटिंग, पाच मिनिटांचं काम. कुठे एक थर, कुठे दोन, मधे मोकळी मैदानं. अंदाज घ्यायला ठीक. मी मात्र द्रवाच्या पृष्ठभागावर थर जमवतो, दुधावर साय धरते तसा, आणि मग तो अलगद उचलतो.

या रीतीची सुरुवात एका स्वयंपाकघरात झाली. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या आग्नेस पॉकेल्सना विद्यापीठाची दारं बंद होती. घरातल्या पन्हाळीसारख्या भांड्यात पाणी घेऊन, पट्टीने पृष्ठभाग दाबत, त्यांनी पाण्यावरचे तेलकट थर मोजले आणि लॉर्ड रेलींना पत्र लिहिलं. रेलींनी ते ‘नेचर’कडे पाठवलं, १८९१ मध्ये छापून आलं. लँगम्युअर आणि कॅथरिन ब्लॉजेट यांची नावं पुढे या तंत्राला लागली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने हवा आणि पाण्याच्या सीमेवर नॅनोकणांचे थर जमवण्यावर बरंच काम केलं आहे.

आपलं द्रव पाणी नाही, डायएथिलीन ग्लायकॉल. ते जवळपास उडतच नाही आणि त्यावर टोल्युइनचा थेंब बऱ्यापैकी पसरतो. टेफ्लॉनच्या ठोकळ्यात दीड सेंटिमीटर लांब-रुंद खळगा कोरून घ्या, कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये होतं. तळाशी एका बाजूला सुईच्या जाडीचं छिद्र ठेवा, ते नंतर द्रव काढायला लागतं. सोन्याचा आणि सिलिकॉनचा तुकडा तळाशी किंचित तिरके ठेवा आणि वरून ग्लायकॉल भरा.

किती कण टाकायचे? षटकोनी मांडणीत २३ नॅनोमीटर अंतराला एका कणाच्या वाट्याला सुमारे ४५८ चौरस नॅनोमीटर येतात. खळग्याचं क्षेत्रफळ २.२५ चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की ४.९ × १०¹¹ कण, म्हणजे ०.८ पिकोमोल. तुमचं टोल्युइनमधलं द्रावण ५० नॅनोमोलर असेल तर १६ मायक्रोलिटर. ५० नॅनोमोलर आहे का हे तपासायला वीसपट पातळ करा, शोषण ०.७ च्या किंचित खाली यायला हवं. टोल्युइनमध्ये टेकडी काही नॅनोमीटर लाल बाजूला सरकते, ती कण चिकटल्याची खूण नाही.

मायक्रोपिपेटचं टोक पृष्ठभागाच्या अगदी जवळ नेऊन १६ मायक्रोलिटर हळू सोडा. लगेच वर काचपट्टी झाका. टोल्युइन सावकाश उडालं पाहिजे. कणांना सरकून आपली जागा शोधायला वेळ लागतो, घाईने वाळलं की ते जिथे असतील तिथेच गोठतात. तास-दीड तास हात लावू नका. टेबलावर व्हॅक्यूम पंप किंवा व्हॉर्टेक्स चालू नको. साय धरली की तिरक्या उजेडात निळसर-जांभळी झाक दिसते. एकटा कण लाल दिसतो, पण शेजारी शेजारी बसलेले कण एकमेकांच्या प्रकाशात ढवळाढवळ करतात आणि रंग सरकतो.

मग तळाच्या छिद्रातून सिरिंजने ग्लायकॉल ओढा. सावकाश, मिनिटाला फार तर अर्धा मिलिलिटर. साय खाली उतरत तुकड्यांवर बसते. तिरकं ठेवल्याने उरलेलं द्रव एका कडेने निथळतं. सपाट ठेवलेत तर मधे द्रवाचं तळं अडकून वर फुगवटा येतो. व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ५० अंशांवर रात्रभर वाळवा. १०० अंशांच्या आसपास पॉलिस्टायरीन मऊ होतं, तिथवर जाऊ नका.

आता पावसाळ्याबद्दल. जुलैत एकदा माझ्या थरात मायक्रोमीटरभर रुंदीची गोल गोल भोकं पडू लागली, अगदी जाळीदार घावनासारखी. पॉलिमर बदलला, धुणं वाढवलं, भोकं तशीच. झालं होतं असं की टोल्युइन उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर दवासारखं जमतं. प्रत्येक दवबिंदू मागे एक भोक ठेवून जातो. पॉलिस्टायरीनमध्ये मुद्दाम अशी भोकं पाडणारे संशोधकही आहेत, मला मात्र नको होती. खळगा प्लास्टिकच्या डब्यात ठेवून त्यात सिलिका जेल भरलं आणि कोरडा नायट्रोजन हलका सोडला. भोकं गेली.

थर सुधारणं

मांडणीत लहान लहान प्रदेश दिसतील, प्रत्येकाची दिशा वेगळी. ते मोठे करायचे तर टोल्युइनची वाफ द्या. झाकणाच्या काचेच्या भांड्यात टोल्युइनची छोटी वाटी आणि शेजारी नमुना, १० मिनिटांपासून सुरुवात करा. आवरण फुगतं, कण थोडे सैल होतात आणि नीट बसतात. जास्त वेळ ठेवलं तर थर गोळा होऊन थेंब बनतो. हे परत फिरवता येत नाही, म्हणून एकाच थराचे चार तुकडे करून वेगवेगळ्या वेळा द्या.

उष्णता देऊन हेच करण्याचा मोह टाळा. तापमान वाढत गेलं की थायॉलची सोन्यावरची पकड सुटते आणि कण एकमेकांत वितळल्यासारखे मिसळतात.

प्लाझ्मा: थोडा की पुरता

इथे तुम्हाला काय हवंय ते ठरवावं लागतं. कण आणि खालचा सोन्याचा आरसा यांच्यात काही नॅनोमीटरची फट ठेवायची असेल, रमन संकेत (रेणूंवरून विखुरलेल्या प्रकाशाचा क्षीण संकेत) वाढवण्यासाठी ती कामाची असते, तर प्लाझ्मा देऊच नका. ती फट पॉलिमरच राखून आहे.

सोन्यावर रासायनिक नक्षी हवी असेल, म्हणजे कणांच्या खाली एक पदार्थ आणि मधल्या जागेत दुसरा, तर थोडा प्लाझ्मा द्या. कणांमधल्या दरीत पॉलिमर पातळ असतं, ते आधी जातं आणि तिथलं सोनं उघडं पडतं. कणाखालचं टिकतं. किती सेकंद, हे दुसऱ्याच्या लेखातून उचलू नका. प्रत्येक कक्षाचा स्वभाव वेगळा असतो. सिलिकॉनवर साधं पॉलिस्टायरीन पसरा, जाडी मोजा, कमी शक्तीवर १० सेकंदांच्या टप्प्यांनी प्लाझ्मा देत जाडी किती घटते ते काढा. ते तुमचं कोष्टक. मग इथॅनॉलमध्ये बुडवा (ऑक्साइड घालवायला, मघासारखंच), आणि लगेच १ मिलिमोलर ऑक्टाडेकेनथायॉलच्या इथॅनॉल द्रावणात तास-दोन तास. इथॅनॉल मुद्दाम, कारण त्यात पॉलिस्टायरीन विरघळत नाही. रात्रभर ठेवू नका. छोटं थायॉल चिवट असतं, हळूहळू कणावरच्या लांब साखळ्यांनाही हुसकावून लावतं.

पुरता प्लाझ्मा दिलात तर सगळं पॉलिमर जातं आणि सोन्याचे उघडे कण सोन्यावर टेकतात. ते अंतर राखून असतात, कारण सरकायला आता काही उरलेलं नसतं. पण त्यानंतर गरम करू नका, सोनं सोन्यात मिसळून ठिपका सपाट होतो.

मोजणं

सिलिकॉनचा साक्षीदार एसईएममध्ये, सोन्याचा तुकडा एएफएममध्ये. एकच सुंदर जागा शोधून तिचा फोटो काढू नका. तुकड्याच्या नऊ ठरावीक जागा आधी ठरवा आणि जे दिसेल ते घ्या. इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फूरिये रूपांतर (चित्रातली पुनरावृत्ती ठिपक्यांच्या रूपात दाखवणारं गणित) केलं की नीट मांडणीचे सहा ठिपके दिसतात. कडं दिसलं तर अंतर ठीक आहे, दिशा विस्कटलेली आहे. धुरकट वर्तुळ दिसलं तर धुण्याकडे परत जा. एएफएमच्या चित्रांना ग्विडियन हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे. टोकाच्या जाडीमुळे कण आडवा मोठा दिसतो, म्हणून व्यास उंचीवरून आणि अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत वाचा.

मोजलेलं अंतर गणिताच्या २३ शी ताडून पाहा. २६-२७ आलं तर बहुधा मोकळं पॉलिमर शिल्लक आहे, किंवा कण कमी पडून थर ताणला गेला. २० आलं तर साखळ्या कमी बसल्या: टीएचएफ जुनं, थायॉल मेलेलं, किंवा पॉलिमर कमी पडलं.

धुण्याची पाणी, फसलेल्या बॅचेस, पिपेटची टोकं, काहीच बेसिनमध्ये ओतू नका. पाण्यातलं आणि टोल्युइनमधलं सोनं वेगवेगळ्या बाटल्यांत, वर तारखेची चिठ्ठी. सराफ बाजारातली धूळ धुऊन सोनं काढणारे झारेकरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आमच्या लॅबमधली बाटली वर्षभरात भरली, तेव्हा तिच्या तळाशी बसलेल्या काळ्या गाळातून पुढच्या वर्षाच्या दोन बॅचेस निघाल्या.